कॉफीच्या दरात खुर्ची

खान्देशात कुठलंही कॉफीचं मशिन बंद पडलं की मी आधी पाण्याची चौकशी करतो. मशिन कुठल्या कंपनीचं, किती जुनं, हे नंतर. पाणी नळाचं असेल तर किती दिवसांनी येतं, बोअरचं असेल तर उन्हाळ्यात किती खाली जातं, आरओ बसवला असेल तर त्याचा मेंब्रेन शेवटचा कधी बदलला. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे, पण ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत टाकीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळतं. धुळ्याला तापीची योजना आहे, नकाणे तलाव आहे, तरी नळाच्या दिवसाची वाट बघणं तिथल्या घरांना चुकलेलं नाही. बोअरचं पाणी जड. ते बॉयलरमध्ये तापलं की त्यातला चुना सुटतो आणि नळीत, हीटरवर, व्हॉल्व्हच्या तोंडाशी थर धरतो. मग हीटर तो थरच तापवत बसतो, पाण्यापर्यंत ऊब पोचत नाही आणि एके दिवशी कॉइल जळते.

यावर लोक सरळ आरओ लावतात. त्यातही एक मेख आहे. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी एक सळई असते. पाण्यातल्या क्षारांमधून बारीकशी वीज वाहते, म्हणून तिला पाणी कळतं. पाणी फारच हलकं झालं तर भरलेला बॉयलरही तिला रिकामा वाटतो आणि मशिन पाणी घेतच राहतं. म्हणून आरओच्या पाण्यात थोडं साधं पाणी मिसळून टीडीएस, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, दीडशेच्या आसपास आणायला मी सांगतो. चवीलाही तेच मानवतं.

माझी लाईन जळगाव, भुसावळ आणि मग हायवेने पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत. मध्येच अमळनेर, चाळीसगाव. या लाईनीवर मी चहाची दुकानं बघत मोठा झालो, आणि कॉफीची दुकानं माझ्या डोळ्यांदेखत उघडली. त्यातली बरीचशी बंदही झाली. जी टिकली त्यांतली काही मला मनापासून आवडतात. का आवडतात हे सांगायचं तर कॉफीच्या चवीवरून सांगता येणार नाही. तिथे कोण बसलंय आणि किती वेळ बसलंय, यावरून सांगावं लागेल.

तसा खान्देश चहाचा. जळगावचा सराफ बाजार, दाणा बाजार, गोलाणी मार्केट ही सगळी चहावर चालतात, आणि तो चहा बहुतेक वेळा दुकानात येतो. पोऱ्या तारेच्या स्टँडमध्ये ग्लास लावून आणतो, गिऱ्हाईक गादीवर बसून पितं, हिशेब संध्याकाळी. धुळ्यात आग्रा रोडला, पाचकंदिलाच्या आसपासही हीच रीत. ज्याला दुकान आहे, गादी आहे, टेबल आहे, त्याला चहा जागेवर मिळतो. ज्याला नाही तो टपरीवर उभा राहतो. टपरीवर एखादं बाकडं असतं, त्यावर तिघं आधीच बसलेले असतात, आणि चौथा आला की पहिला उठतो. दहा रुपयांच्या चहात यापेक्षा जास्त द्यायला टपरीवाल्याला परवडत नाही. त्याचा धंदा गिऱ्हाईक उठण्यावर आहे, बसण्यावर नाही. यात त्याचा काही दोष नाही. मी स्वतः आयुष्यभर उभ्यानेच चहा प्यालो आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. पण त्या टपऱ्यांवर माझ्या आईला, बहिणीला, पुढे बायकोला चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. बाजारात आल्या की त्या रसवंतीवर बसायच्या, आणि रसवंती पाऊस पडला की बंद.

कॉफी घरात होती. पाहुणे आले, कोणाचा उपास असला, पोराला रात्री अभ्यासाला जागायचं असलं की व्हायची. दूध जास्त, साखर जास्त, वर जायफळ किसलेलं. बाहेर मात्र ती आमच्याकडे आली लग्नाच्या मांडवातून, आणि माझा धंदाही तिथूनच सुरू झाला. मी स्टोव्ह, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचो. एका कॅटररने वाफेचं मशिन आणून पुढ्यात ठेवलं. उभा चकचकीत बॉयलर, खाली गॅसचा बर्नर, वर प्रेशरचा काटा, बाजूला पाण्याची काच, आणि दोन अंगांना वाफेच्या नळ्या. डिसेंबर-जानेवारीच्या रिसेप्शनला हे मशिन कोपऱ्यात फुसफुसत उभं असायचं आणि सगळ्यांत लांब रांग त्याच्यापुढे. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना पटत नाही, पण धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमानाचा आकडा हिवाळ्यात पेपरात येतो तो उगाच नाही. पारा तिथे पाच अंशांच्याही खाली उतरतो. जगमध्ये कॉफी-पावडर आणि साखर पाण्याच्या थेंबावर घोटायची, दूध ओतायचं, वाफेची नळी आत बुडवायची, कपात फेस आणि त्यावर कोको पावडरची चिमूट.

त्या मशिनमधून कॉफी गाळली जात नाही, फक्त वाफ निघते. पण त्याचं घराणं जुनं आहे. मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 साली ज्या मशिनचं पेटंट घेतलं तेही वाफेच्या जोरावर चालणारं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्याच आकिले गाज्जियाने दांड्याचं, स्प्रिंगचं मशिन आणलं. दाब कितीतरी पटींनी वाढला आणि कॉफीवर तो तांबूस दाट थर यायला लागला. आज जळगावच्या कॅफेत ज्या मशिनवर मी काम करतो ते या दुसऱ्या पिढीच्या वंशातलं. मांडवातलं मशिन आपल्याकडे पहिल्या पिढीचा वारसा सांभाळत बसलंय. त्याच्यावर काम करताना मी एक गोष्ट कधी टाळली नाही, ती म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बघणं. जड पाण्याचा चुना तिथेही बसतो, आणि चुन्याने धरलेला व्हॉल्व्ह लग्नाच्या गर्दीत उघडला नाही तर काय होईल याचा विचार करवत नाही. कॅटरर घाईत असतो, म्हणतो, "भो, वरात निघाली, राहू दे ना आता." मी राहू देत नाही.

नंतर बँका, शोरूम आणि एमआयडीसीतल्या ऑफिसांत बटण दाबायची मशिनं आली. त्यांच्यात तयार पावडर भरायची. त्यांनी माझं घर चालवलं, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. कप भरला की माणूस तो घेऊन आपल्या टेबलाकडे जातो.

कॅफे आले ते कॉलेजांच्या मागून. जळगावात मूळजी जेठाच्या बाजूला, रिंग रोडला, महाबळकडे. धुळ्यात देवपूरला, वाडीभोकर रस्त्याच्या आजूबाजूला. बंगळुरात 1996 साली सुरू झालेल्या साखळी कॅफेची गोष्ट इकडच्या पोरांनी पुण्यात शिकताना पाहिलेली. तिथे दोन वर्षं काढून परत आलेला एखादा इंजिनिअर, एखादी हॉटेल मॅनेजमेंट केलेली मुलगी, घरच्यांच्या नावावरचा गाळा, आणि मुंबईतून आणलेलं वापरलेलं मशिन. माझं गिऱ्हाईक असं असतं. त्यांच्यापैकी कोणीही साखळीतलं नाही. दुकानाचं नाव, पाटीचा रंग, कपाचा आकार, सगळं त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. म्हणून बिघाड झाला की फोनवरचा आवाजही स्वतःचं काहीतरी मोडल्यासारखा येतो.

या मशिनांना हवामान कळतं. अठरा ग्रॅम कॉफी, नऊ बार दाब, पंचवीस ते तीस सेकंद, हे पुस्तकातलं माप. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात बिया तापतात, तेल सोडतात, आठवड्याभरात शिळ्या होतात. मग पहिला पाऊस पडतो, हवा ओलसर होते, आणि कालपर्यंत नीट पडणारी कॉफी थेंबथेंब पडू लागते. त्या दिवशी मला एकामागून एक फोन येतात, "काका, मशिन गेलं." मशिन गेलेलं नसतं. दळण एक खूण जाड करायचं असतं. हे मी फोनवरच सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

दुधाचंही तसंच. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, फेस जड आणि दाट होतो, आणि मला तो पिशवीतल्या टोन्ड दुधापेक्षा चांगला वाटतो. शिकून आलेली मुलं दूध पासष्ट अंशांवर थांबवतात, कारण त्यापुढे दुधाची गोडी मरते. आणि खान्देशातलं गिऱ्हाईक पहिला घोट घेऊन म्हणतं, "गरम नाहीये." धुळ्यातल्या एका मालकाने सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगितलं. मग त्याने समजावणं सोडलं आणि कप आधी उकळत्या पाण्यात तापवून ठेवायला लागला. ओठांना कप गरम लागला की माणूस तक्रार करत नाही, आणि दूधही बिघडत नाही. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. आता मी ती लाईनीवर सगळ्यांना सांगतो.

जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. नाव पडलं ते एका मासिकावरून. नानासाहेब फडणीस यांनी फक्त कवितेला वाहिलेलं हे मासिक 1887 ते 1935 या काळात जळगावातून चालवलं. याच गावात 1907 साली कवींचं संमेलन भरलं आणि धरणगावचा तरुण ठोमरे तिथे कविता वाचून बालकवी झाला. त्या चौकात आज संध्याकाळी तरुण पोरापोरींची गर्दी असते. बाजूला भाऊंचं उद्यान, कडेने खाण्याच्या गाड्या. नीट पाहिलं तर बहुतेक जण गाडीवर बसलेले दिसतात. मुलं बाईकच्या सीटवर, मुली स्कूटीवर, कोल्ड कॉफीचा ग्लास पेट्रोलच्या टाकीवर. आपल्या गावात तरुण माणसाला बसायला मिळालेली हक्काची जागा म्हणजे त्याच्या स्वतःच्या गाडीची सीट. गाडी नसेल तर तीही नाही.

कॅफेने ती जागा दिली, हे माझं म्हणणं आहे. रिंग रोडच्या आतल्या एका गल्लीत एक लहानसा कॅफे आहे, सहा टेबलांचा. तो एक नवरा-बायको चालवतात. सकाळी अकराला तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात. अभ्यासिकेत बोलायची मनाई असते, त्यामुळे एकमेकांना प्रश्न विचारायला इथे येतात. दोघांत एक कॉफी मागवतात. दुपारी कॉलेजच्या मुली. चारच्या सुमाराला महिन्यातून एकदा बायकांची भिशी. त्या भिशीतल्या एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, "भिशी घरी असली की जिच्याकडे असते ती बिचारी स्वयंपाकघरातच. इथे आम्ही सगळ्या बसतो." मी त्या वेळी मशिनचं गॅस्केट बदलत होतो. पाठ वळवूनही मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं, आणि इतकी वर्षं मशिनं दुरुस्त करून मी नेमकं काय चालू ठेवतो, ते मला तिथे उमगलं.

त्याच कॅफेत मी एका शेतकरी बापाला लेकीसोबत बसलेलं पाहिलं. रावेरकडचे असावेत, बोलण्यात केळीच्या भावाचा विषय होता. मुलीचं ॲडमिशन झालं होतं. बाप खुर्चीच्या कडेवर टेकून होता, उठायच्या तयारीत. काउंटरवरची ताई पाणी घेऊन गेली आणि म्हणाली, "दादा, आरामात बसा, घाई नाही." मग ते मागे रेलले. यात मोठं काही घडलं नाही, पण अशी जागा त्यांना शहरात आणखी कुठे मिळाली असती? हॉटेलात जेवायला बसलं की ताट संपल्यावर उठावं लागतं. बँकेत नंबर लागेपर्यंतच बसता येतं. बसस्टँडच्या बाकावर गाडी लागेपर्यंत.

याला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. काही वर्षांपूर्वी कॅफेच्या पाटीखाली प्लायवूडचे कप्पे, पडदे, मंद दिवे आणि तासाचा दर असं सुरू झालं. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी छापे घातले, पेपरात बातम्या आल्या. मला अशा जागा मशिनवरून ओळखू यायच्या. कॉफी जिथे खरंच विकली जाते तिथे मशिनचं तोंड रोज ओलं असतं, जाळीत ताजा चोथा असतो, दुधाच्या नळीवर सकाळचा डाग असतो. या ठिकाणी जाळी कोरडी, ग्राइंडरमध्ये महिन्यापूर्वीच्या बिया. मशिन फक्त पाटीला साक्षीदार म्हणून ठेवलेलं. तिथे अल्पवयीन मुलींना फसवून आणलं जात असेल तर पोलिसांनी जावंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याचा फटका बसला सहा टेबलांच्या कॅफेला. गावात कॅफे या नावालाच बट्टा लागला. बापांनी मुलींना तिथे जायला मनाई केली, भिशी दोन महिने परत घरी गेली. मला याचं फार वाईट वाटलं. आणि एक गोष्ट मी आमच्या पिढीच्या लोकांना मुद्दाम सांगतो. वयात आलेल्या मुलाला आणि मुलीला चार लोकांच्या देखत, उजेडात, समोरासमोर बसून बोलता आलं पाहिजे. ती जागा आपण दिली नाही तर पडद्यामागची जागा त्यांना कोणीतरी विकणारच.

धुळ्यात देवपूरच्या एका मालकाने यावर केलेला उपाय मला सगळ्यांत पटला. त्याने दर्शनी काचेवरची काळी फिल्म खरवडून काढली. आतली लाकडी जाळी काढून टाकली. मशिन आतल्या बाजूला होतं ते माझ्याकडून दाराजवळ हलवून घेतलं. पाण्याची लाईन, ड्रेन, पंधरा अँपिअरचा पॉइंट, सगळं नव्याने करावं लागलं, खर्च झाला. पण आता रस्त्याने जाणाऱ्याला आतलं शेवटचं टेबलही दिसतं. तो मला म्हणाला, "काका, कोणाच्या बापाने गाडीवरून जाता जाता पाहिलं तर त्याला पोरगी दिसली पाहिजे, आणि तिच्यापुढचं पुस्तकही दिसलं पाहिजे." महिन्याभरात मुली परत आल्या.

प्रश्न उरतो पैशांचा. दहा रुपयांच्या चहाशेजारी ऐंशी रुपयांची कॉफी ठेवली की लोक विचारतात, एवढं काय आहे त्यात? बिया, दूध, साखर मिळून खर्च त्या ऐंशीचा लहानसाच भाग. उरलेलं भाडं, वीज, एसी, पोराचा पगार. म्हणजे गिऱ्हाईक खुर्चीचं भाडं भरतं आणि कॉफी त्याच्यासोबत येते. हे मान्य केलं की हिशेब सोपा होतो. जे मालक कॉफी विकतो असं समजून चालले त्यांनी महागडी मशिनं घेतली, हप्ते थकले, आणि कोविडनंतर ती मशिनं मीच निम्म्याहून कमी किमतीत दुसऱ्यांना लावून दिली. जे खुर्ची विकतो असं समजले ते टिकले. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्याला मी सांगतो, एका तोंडाचं वापरलेलं मशिन घे, वाचलेल्या पैशातून पाण्याचा सॉफ्टनर आणि पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या घे. उंच स्टुलं घेऊ नको. आमच्याकडच्या बायका साडी नेसून त्यावर बसत नाहीत, आणि म्हातारी माणसं तर नाहीच.

आता देवपूरलाच आणखी एक जण कॅफे सुरू करतोय, कॉलेजमध्ये शिकणाऱ्या मुलांवर भिस्त ठेवून. मशिन लावायच्या आधीच त्याने भिंतीवर पाटी लावली होती: एका तासापेक्षा जास्त बसू नये. मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. बारा ते चार आमच्याकडे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, उन्हाळ्यात तर लोक दार उघडत नाहीत. त्या वेळी एसी चालूच असणार, खुर्च्या रिकाम्याच असणार. एखादा विद्यार्थी एका कॉफीवर तीन तास बसला तर तुझं काय गेलं? उलट बाहेरून बघणाऱ्याला दुकान भरलेलं दिसतं. साडेपाचनंतर मात्र टेबल फिरलं पाहिजे, नाहीतर भाडं निघणार नाही, आणि तेव्हा कोणी अडून बसलं तर उठवायला लाजू नये. त्याला सुरुवातीला पटेना. त्याच्या वडिलांचं आग्रा रोडला कापडाचं दुकान आहे. ते शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या गादीवर बाया तीन-तीन तास साड्या पाहतात आणि एक घेतात. कोणाला उठवतो का आम्ही?"

पोराने पाटीवरची अट दुपारपुरती काढली. संध्याकाळपुरती ठेवली आहे, आणि ती ठेवावीच.